चॉसर वाचायला घेताय? आधी आवृत्ती नीट निवडा

चॉसर म्हणजे चौदाव्या शतकातला इंग्रज कवी, आणि इथे बोलतोय ते त्याच्या 'कँटरबरी टेल्स' या पद्यकथांबद्दल. सुरुवात मूळ मध्ययुगीन इंग्रजीपासूनच करा, पण त्याच पानावर शब्दार्थ देणारी आवृत्ती घ्या. नॉर्टनची निवडक कथांची आवृत्ती त्यासाठी सोयीची आहे. शब्दार्थ पुस्तकाच्या शेवटी असतील तर दर दोन ओळींना पाने उलटावी लागतात आणि आठवडाभरात पुस्तक कपाटात जातं. १९८७ ची 'रिव्हरसाइड चॉसर' ही समग्र आवृत्ती अभ्यासकांची प्रमाण प्रत आहे, ती नंतर.

नेव्हिल कॉगहिलचं १९५१ चं आधुनिक पद्यरूप मजेदार आहे. मात्र यमक जुळवायला त्यांनी शब्द बदललेत, त्यामुळे ते सोबतीला ठेवा, पुरावा म्हणून नको. कवी ड्रायडनने १७०० मध्ये चॉसरवरून नव्याने रचलेल्या कथा तर ड्रायडनच्याच म्हणून वाचाव्यात.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- जुनी आवृत्ती म्हणजे अस्सल, असं समजणं. संपादक थिनच्या १५३२ च्या संग्रहात इतरांच्या कविताही चॉसरच्या नावावर आहेत. १७२१ च्या आवृत्तीचा संपादक उरी याने तर वृत्त 'दुरुस्त' करायला अक्षरं घुसडली! फुकट प्रत हवी असेल तर संपादक स्कीटची, १८९४ पासूनची.
- शब्दाच्या शेवटच्या 'ई' (e) अक्षराचा उच्चार गिळणं. झाडाचं मूळ या अर्थाचा शब्द (roote) 'रोट' नव्हे, 'रोट-अ'. हे चुकलं की ओळ लंगडते. उरीसारख्यांचा घोटाळा बराचसा इथलाच.
- ओळखीच्या शब्दावर विश्वास ठेवणं. 'नाइस' म्हणजे तिथे बहुधा मूर्ख.

'कँटरबरी टेल्स'च्या सुरुवातीच्या पद्य प्रस्तावनेच्या ८५८ ओळी रोज ४० प्रमाणे, मोठ्याने वाचा. त्यानंतर कोंबड्याची गोष्ट ('नन्स प्रीस्ट्स टेल'). हस्तलिखितांचे पाठभेद सध्या राहू द्या.