एफवायच्या, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या वर्गावर पहिल्यांदा शिकवायला जाताय ना?

सर, पहिल्याच सत्रात पीपीटी, क्विझ, ॲप असं सगळं एकदम सुरू करू नका. आधी दोन गोष्टी पक्क्या करा.

१. प्रश्न विचारल्यावर थांबा. १९७०च्या दशकात अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी शाळांच्या विज्ञानवर्गांत हे मोजलं होतं: शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबले की उत्तरं मोठी येतात, गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. नवे प्राध्यापक शांततेला घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकतात. त्याऐवजी 'शेजारच्याशी दोन मिनिटं बोला' म्हणा, मग विचारा. मराठी माध्यमातून आलेली मुलगी भरल्या वर्गासमोर इंग्रजीत तोंड उघडणार नाही, पण शेजारणीला मागणी-पुरवठा मराठीत झकास समजावते. तिला वर्गालाही मराठीतच सांगू द्या.

२. नावं पाठ करा. रोज पाच, बस.

आणि हजेरीच्या ७५ टक्क्यांचा धाक नको. बाकं भरतील, पण डोकी मोबाइलमध्येच राहतील. सातच्या लेक्चरला विरार-कसाऱ्याहून येणारा पोरगा लोकलमुळे उशिरा पोचला, तर दारात अडवू नका, बसू द्या. महत्त्वाचं उदाहरण सव्वासातनंतर घ्या.

ग्रुप प्रोजेक्ट वगैरे दिवाळीनंतर बघू.