समोरचा पाळत नसेल, तर राजकीय वादात मी एकट्यानेच नीतिमत्ता का पाळायची?

तुम्ही विचारलंय की समोरचा खोटं बोलतो, जात काढतो, आवाज चढवतो, मग वादात नीतीने वागायचा मक्ता मी एकट्यानेच का घ्यायचा? मी पाच वर्षं आमच्या गावात ग्रामपंचायत सदस्य होतो. तेव्हा मला कुणी हे विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, मुळीच घेऊ नका. आज तसं म्हणणार नाही, आणि त्याला एक प्रसंग कारण आहे.

१५ ऑगस्टची ग्रामसभा होती. झेंडावंदन उरकून पोरं घरी गेली आणि शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकून आम्ही बसलो. पुढे पुरुष, मागे भिंतीला टेकून दहा-बारा बायका. खालच्या वस्तीतली एक बाई उठली आणि म्हणाली, टाकी भरते, वरच्या आळीला तासभर पाणी येतं, आमच्याकडं पोचायच्या आत व्हॉल्व्ह बंद होतो, असं का? तिचं म्हणणं खरं होतं आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. पण तिचा दीर विरोधी पॅनेलचा. मला वाटलं, तिच्या तोंडून तोच बोलतोय. मी बसल्या जागेवरून म्हणालो, ‘‘आधी घरपट्टी भरा म्हणावं, मग पाणी मागा.’’ पुढची रांग हसली. ती पदर सावरून खाली बसली. इतिवृत्तात एवढंच आलं: ‘पाणीपुरवठ्याबाबत चर्चा झाली.’

आपण बाजी मारली असं मला वाटलं. पुढच्या सभेला ती आली नाही. तिच्याजवळ बसणाऱ्या बायकाही आल्या नाहीत, त्याच्या पुढच्या सभेलाही नाहीत. मी उत्तर तिच्या दिराला देत होतो, पण ऐकत होत्या त्या. इथे उठून विचारलं की काय होतं, हे मी त्यांना दाखवून दिलं होतं.

त्यानंतर मी संविधान सभेतल्या चर्चा वाचायला घेतल्या. माणसं एकमेकांशी भांडतात कशी, हे मला बघायचं होतं. १३ डिसेंबर १९४६ ला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव, म्हणजे संविधान कशासाठी करायचं हे सांगणारा ठराव, मांडला. मुस्लिम लीगने सभेवर बहिष्कार टाकला होता. मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी सुधारणा सुचवली की लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत ठराव मंजूर करू नये. सभेत काँग्रेसचं भक्कम बहुमत होतं, जयकरांवर टीका झाली. १७ तारखेला अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी अचानक डॉ. आंबेडकरांना बोलायला उभं केलं. आपल्या आधी वीस-बावीस नावं आहेत, तयारीला वेळ मिळालेला नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. आदल्याच वर्षी काँग्रेसवर सडकून टीका करणारं त्यांचं आख्खं पुस्तक आलं होतं. हिशेब चुकते करायला याहून चांगली संधी कुठली?

ते म्हणाले, आज आपण एकमेकांशी लढणाऱ्या छावण्यांत विभागलेलो आहोत, आणि अशा एका छावणीचा मीही बहुधा एक पुढारी आहे. हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल. समोरच्यावर बोट ठेवायच्या आधी त्यांनी स्वतःची जागा सांगून टाकली. ठराव करायचा तुम्हाला हक्क आहे का, हे विचारायचं सोडून त्यांनी विचारलं, तो आत्ता करणं शहाणपणाचं आहे का? घोषणा बाजूला ठेवा, लोकांना धास्ती वाटेल असे शब्द सोडा, विरोधकांच्या पूर्वग्रहांनाही थोडी सवलत द्या, म्हणजे ते आपणहून बरोबर येतील, असं त्यांचं सांगणं होतं. बहुमत हाताशी असूनही सभा थांबली. ठराव मंजूर झाला तो २२ जानेवारी १९४७ ला.

ठराव मंजूर होईपर्यंत लीग आली नाही. मग ते थांबणं फुकट गेलं का? मला नाही वाटत. फाळणीमुळे बंगालमधून निवडून आलेल्या आंबेडकरांची जागा गेली, तेव्हा काँग्रेसनेच त्यांना मुंबईतून परत निवडून आणलं, तेही जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर. त्याला कारणं अनेक असतील, पण १७ डिसेंबरला त्यांचं बोलणं सभेने मनापासून ऐकून घेतलं होतं, हेही त्यातलं एक असावं असं मी मानतो.

नीतिमत्ता म्हणजे गोडगोड बोलणं, असा अर्थ मात्र घेऊ नका. ४ नोव्हेंबर १९४८ ला याच आंबेडकरांनी खेड्याला संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाची आणि जातीयवादाची गुहा म्हटलं. अनेक सभासद खवळले आणि पुढचे काही दिवस त्यांनी आंबेडकरांचा समाचार घेतला. (माझी ग्रामसभा आठवली की मला त्या शब्दांत वावगं काही दिसत नाही.) पण २२ नोव्हेंबरला सभासद के. संथानम यांनी राज्याने ग्रामपंचायती स्थापाव्यात अशी सुधारणा मांडली, तेव्हा आंबेडकर उठून म्हणाले, ही सुधारणा मला मान्य आहे. तोच आजच्या संविधानातला अनुच्छेद ४०. टीका गावगाड्याच्या व्यवस्थेवर होती, मांडणाऱ्या माणसांवर नव्हती, म्हणून मान्य करायला वाट उरली होती.

संविधानाच्या मसुद्यावर सुमारे ७,६३५ सुधारणा आल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आंबेडकरांनी कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, कुंझरू अशा बंडखोरांची नावं घेऊन त्यांचे आभार मानले. तुमच्या सूचना मी स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही, असं सांगितलं. आणि त्या सुधारणा, न स्वीकारलेल्यासुद्धा, आज छापील वाचायला मिळतात. आमच्या इतिवृत्तात मात्र ‘चर्चा झाली’ एवढंच.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. समोरचा नियम मोडतो तेव्हा तुम्ही ते पाळायचे, ते त्याच्यासाठी नाही. भिंतीला टेकून जे ऐकत बसलेत त्यांच्यासाठी पाळायचे. तो खोटं बोलला तर गप्प बसू नका. कागद पुढे करा आणि हे खोटं आहे असं सरळ म्हणा. पण त्याची जात, त्याचं घर, त्याच्या घरातल्या बायका यांना हात लावू नका. बोलण्याआधी त्याचा मुद्दा त्याला पटेल अशा शब्दांत एकदा मांडा. हे अवघड आहे. मला अजूनही दर वेळी जमत नाही.

मुदत संपण्याआधीच्या शेवटच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो. व्हॉल्व्हचा प्रश्न त्या बाईच्या शब्दांत मांडला, त्या दिवशीचं माझं उत्तर चुकीचं होतं असं म्हणालो, आणि दोन्ही गोष्टी इतिवृत्तात घ्यायला लावल्या. वस्तीला पाण्याची वेळ आधी लावायचा ठराव झाला, अनुमोदन तिच्या दिराने दिलं. मागची भिंत तेव्हाही रिकामीच होती. संध्याकाळी मी ते पान घेऊन तिच्या घरी गेलो. तिने मुलीला हाक मारून ते मोठ्याने वाचायला लावलं, आणि वाचून झाल्यावर विचारलं, ‘‘पुढची सभा कधी आहे?’’