रविवारी दुकानं बंद, मग आम्ही करायचं काय?

या वेळी आलेली बहुतेक पत्रं फ्रान्समधली आहेत आणि त्यांतली निम्मी ल्यों आणि आसपासची. मी या शहरात चौदा वर्षं राहते, म्हणून उदाहरणं इथलीच देते. तुलूझ किंवा ग्रनोब्लमध्ये राहणाऱ्यांनी नदीचं नि बाजाराचं नाव तेवढं बदलून घ्यावं.

प्रश्न : आम्ही नोव्हेंबरात पुण्याहून ल्योंला आलो. नवरा आठवडाभर कामात. हातात येतो तो रविवार, आणि नेमकं त्याच दिवशी सगळं गाव बंद. गेल्या रविवारी दुपारी दूध संपलं म्हणून चार दुकानं हिंडलो, चारही ठिकाणी शटर खाली. घरी येऊन मला रडू आलं. ही माणसं रविवारी करतात तरी काय?

नोव्हेंबरात आलात, म्हणजे वर्षातल्या सगळ्यांत अवघड महिन्यात आलात. पाच वाजता अंधार पडतो, ओळखीचं कुणी नसतं, त्यात बाहेर शटरं. रडू येणं अगदी साहजिक आहे, त्यात कमीपणा मानू नका.

आधी दुधाचं पाहू. रविवारच्या साप्ताहिक सुटीचा कायदा इथं 13 जुलै 1906 रोजी झाला. त्याला आता पुष्कळ अपवाद आहेत, पण सवय तीच राहिली आहे. किराणा-भाजीच्या दुकानांना साधारणपणे रविवारी दुपारी एकपर्यंत मुभा असते. म्हणजे दूध, ब्रेड, औषध यांची यादी शनिवारी संध्याकाळी करायची आणि राहिलंच काही तर रविवारी बाराच्या आत आणायचं. एवढं अंगवळणी पडलं की निम्मा त्रास संपतो.

आता ही माणसं काय करतात ते सांगते, कारण खरा प्रश्न तोच आहे. सकाळी बाजार, दुपारी लांबलचक जेवण, मग पायी फेरफटका. या तिन्हींत तुम्हाला जागा आहे. सोन नदीच्या काठचा सेंत-आंत्वान बाजार रविवारी सकाळी भरतो, वर टेकडीवर क्र्वा-रूसचाही भरतो. पिशवी घेऊन अकराला जा. टोमॅटो दाबून बघू नका, बहुतेक ठिकाणी विक्रेताच निवडून देतो. उन्हाळ्यात खरबूज घ्यायला गेलात तर तो विचारेल, "आज खायचंय की उद्या?" तुम्ही सांगाल त्याप्रमाणे तो एकेक फळ हातात घेतो, देठाशी अंगठा लावतो, हुंगतो आणि मग एक पुढे करतो. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मंडईतले आंबेवाले आठवले आणि हे शहर थोडं माझं वाटलं. साडेबारानंतर भाजीचे भाव उतरतात, तेव्हा पालक आणि कोथिंबीर स्वस्तात मिळते.

दुपारी उजेड आहे तोवर तेत द'ओर बागेत जा. 1857 साली उघडलेली ही बाग 117 हेक्टरची आहे. आत तळं आहे, गुलाबांचे वाफे आहेत आणि जिराफांसकट प्राणीसंग्रहालय आहे, तेही विनामूल्य. किंवा जुन्या ल्योंमधून फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीने, फुरव्हिएर टेकडीवर चढा आणि रोमन नाट्यगृहाच्या दगडी पायऱ्यांवर बसा. हे शहर रोमनांनी इसवी सनपूर्व 43 मध्ये वसवलं. तिथं बसलं की सोन आणि रोन या दोन्ही नद्या आपल्या पायाशी आहेत असं वाटतं. आणि 8 डिसेंबर चुकवू नका. त्या संध्याकाळी लोक खिडक्यांत काचेच्या छोट्या पेल्यांत दिवे लावतात, 1852 पासूनची ही रीत आहे. तुमच्याकडे दिवाळीच्या पणत्या उरल्या असतील तर खिडकीत लावा. शेजारी वर बघून हात करतील.

प्रश्न : दुकानदार, बसचालक, बेकरीवाली, सगळे माझ्याशी तुटक वागतात. माझा रंग किंवा माझं मोडकं फ्रेंच हे कारण असेल का?

रंगावरून वागणारी माणसं इथं नाहीतच, असं मी म्हणणार नाही. पण बेकरीतल्या तुटकपणाचं कारण बहुतेक वेळा "बोंझूर" न म्हणणं हे असतं. आपण आत शिरतो, हसतो, आणि थेट "एक ब्रेड" म्हणतो. इथं ते न विचारता कुणाच्या घरात शिरण्यासारखं आहे. दारातून आत पाऊल टाकताच "बोंझूर मादाम" म्हणायचं, तिचं उत्तर येऊ द्यायचं, मग मागायचं. निघताना "मेर्सी, बोन झूर्ने". डॉक्टरच्या प्रतीक्षागृहात शिरतानासुद्धा बसलेल्या सगळ्यांना मिळून एक बोंझूर असतो. आठवडाभर नेमाने करून बघा, तीच बेकरीवाली ओळखीची होईल.

दुसरं, "त्यु" आणि "व्हू". इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्यांचा यात गोंधळ उडतो, मराठी माणसाचा उडायला नको. आपल्याकडे तू आणि तुम्ही आहेच. अनोळखी माणूस, दुकानदार, शेजारच्या आजी, सगळ्यांना व्हू म्हणा. समोरच्याने आपणहून त्युवर यायला सुचवलं तरच या. बऱ्याच कार्यालयांत मात्र पहिल्याच दिवशी सगळे त्युवर येतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

प्रश्न : गाडी नाही, मुलगी तीन वर्षांची. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशा जागा सुचवा.

गाडी नाही याचं दुःख करू नका, ल्योंहून प्रादेशिक रेल्वे, म्हणजे तेर, चहूकडे जाते. तिचं भाडं साधारण ठरलेलं असतं, टीजीव्ही या वेगवान रेल्वेसारखं आयत्या वेळी वाढत नाही, त्यामुळे सकाळी आभाळ बघून ठरवता येतं. चार वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. मोठ्यांचं तिकीट मात्र चढायच्या आधी काढा, गाडीत पकडलं तर दंड. शनिवार-रविवारच्या सवलतीच्या कार्डाचं स्टेशनातच विचारा. दर महिन्याला दोनदा फिरणाऱ्याचे पैसे लवकर वसूल होतात.

तीन वर्षांच्या मुलीला घेऊन मी सगळ्यांत आधी आनसीला जाईन. सुमारे दोन तासांचा प्रवास, आणि स्टेशनातून पंधरा मिनिटं चाललं की तळं. पाणी इतकं स्वच्छ की काठाशी उभं राहून तळाचे गोटे मोजता येतात. ते आपोआप राहिलेलं नाही. 1950 च्या सुमारास सांडपाण्याने हे तळं मरू लागलं होतं. एका स्थानिक डॉक्टरने हाकाटी केली, आणि 1957 साली काठच्या गावांनी एकत्र येऊन सांडपाणी तळ्याबाहेर वळवायचं काम हाती घेतलं. तुमची मुलगी त्या पाण्यात पाय बुडवेल तेव्हा तिला हे सांगायचं तिचं वय नाही, पण तुम्हाला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडच्या रंकाळ्याची, मुळा-मुठेची आठवण मला तिथं दर वेळी येते. जुलै-ऑगस्टात गर्दी फार, त्यामुळे मे किंवा सप्टेंबर बरा.

पेरूजला जायचं तर बाबागाडी घरी ठेवा. टेकडीवरचं मध्ययुगीन गाव आहे आणि सगळ्या गल्ल्या नदीतल्या गोल गोट्यांनी फरसबंद केल्या आहेत. चाकं अडकतात, टाचांच्या चपला तर नकोच. स्टेशनातून चढ चालावा लागतो, पण वर गेल्यावर लोणी-साखर लावून भट्टीत भाजलेली पातळ गालेत मिळते, तिच्यासाठी चढ सोसावा. व्हिएन सर्वांत जवळ. गाडीने अर्ध्या तासाच्या आत, गावाच्या मध्यात रोमन देऊळ उभं, आणि शनिवारी सकाळी फार मोठा बाजार.

मुलगी जरा मोठी झाली की डोंगरवाटा सुरू करा. झाडांवर, दगडांवर रंगाच्या पट्ट्या असतात. पांढरी-लाल म्हणजे लांब पल्ल्याची वाट, पिवळी म्हणजे छोटी फेरी, आणि फुलीसारखी खूण म्हणजे इकडून जाऊ नका. सह्याद्रीत बाणांच्या खुणा शोधत फिरलेल्यांना हे चटकन जमतं.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. बाहेर पडलो की चिप्स आणि केळी यांवर दिवस काढतो. काही उपाय?

आहे. फक्त "मी शाकाहारी" म्हणून थांबू नका, काही ठिकाणी मग मासा पुढे येतो. "साँ व्हियाँद नी प्वासों", म्हणजे मांसही नको, मासाही नको, असं स्पष्ट सांगा. लार्दों हा शब्द पाठ करा. डुकराच्या मांसाचे हे बारीक तुकडे सॅलडमध्ये, कीश नावाच्या खाऱ्या टार्टमध्ये न सांगताच घातलेले असतात. ल्योंचं प्रसिद्ध सॅलड म्हणजे तेच, वर अंडं. ल्योंच्या पारंपरिक बुशों खाणावळीत तुम्हाला फारसं काही मिळणार नाही. क्रेपरीत, म्हणजे धिरड्यांच्या खाणावळीत जा. तिथं कुट्टूच्या पिठाचं धिरडं मिळतं, त्यालाही गालेतच म्हणतात, चीज नि मश्रूम घालून मागा आणि अंडं नको हे आधीच सांगा. जेवण बारा ते दोन. अडीचला गेलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. पाण्याला पैसे देऊ नका, "कराफ दो" म्हटलं की नळाचं पाणी फुकट येतं.

पण सगळ्यांत चांगलं म्हणजे डबा. बागेत चादर पसरून घरचं खाणं हे फ्रेंच माणसाचं आवडतं सुख आहे, दशम्या-चटणी काढायला लाजायचं कारण नाही. बेसन हवं तर "फारिन द प्वा शिश" साध्या सुपरमार्केटात मिळतं, कारण नीसकडे त्याचं सोका नावाचं धिरडं करतात. मसूर डाळ "लांतीय कोराय" या नावाने. तूरडाळ आणि कढीपत्ता मात्र भारतीय किंवा श्रीलंकन दुकानातून.

आणि श्रीखंड. फ्रोमाझ ब्लाँचा, म्हणजे दह्यासारख्या मऊ ताज्या चीजचा, किलोचा डबा आणा, पूर्ण फॅटचा, शून्य टक्केवाला पांचट होतो. दोन चमचे दही कालवून पंचात बांधा आणि रात्रभर टांगून ठेवा. सकाळी चक्का असा सुटतो की पंचाला कण राहत नाही. साखर, वेलची, जायफळ, झालं. डब्यावर "प्रेझ्युर" लिहिलेलं असेल तर ते दूध गोठवणारं द्रव्य प्राणिज असू शकतं. कडक शाकाहारी असाल तर तो डबा सोडून दुसरा घ्या.

प्रश्न : गणपतीत शनिवारी रात्री आठ-दहा कुटुंबं जमलो, आरती चालू होती. साडेनऊलाच खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार ठोठावलं. दहाच्या आत आवाज चालतो ना?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. रात्री दहा ते सकाळी सातचा नियम कडक आहे हे खरं, पण शेजाऱ्याला त्रास होईल असा आवाज दिवसाही गुन्हाच ठरू शकतो. रविवारी भिंतीत ड्रिल मारायलाही बऱ्याच गावांत ठराविक तासच असतात.

तरी आरती सोडू नका. चार दिवस आधी जिन्याखाली किंवा लिफ्टमध्ये एक कागद लावा: आमचा कौटुंबिक सण आहे, अमुक दिवशी सात ते साडेआठ टाळ वाजतील, त्रासाबद्दल क्षमस्व, खाली तुमचं नाव आणि मजला. इथं घरी मेजवानी असली की सगळेच असं करतात. आणि त्या बाईंना उद्याच मोदक नेऊन द्या. आमच्या इमारतीत तक्रार करणाऱ्या आजोबांना मी पहिल्या वर्षी असेच नेऊन दिले. आता ऑगस्टात तेच विचारतात, यंदा तारीख कोणती?

मोठ्या आवाजाची, गुलालाची हौस असेल तर पॅरिसला जा. ला शापेल भागातल्या माणिक्क विनायकर मंदिराची रथयात्रा ऑगस्टअखेरीच्या किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीच्या एखाद्या रविवारी निघते, 1996 पासून. तामिळ पद्धतीची आहे, रस्त्यावर नारळांचे ढीग फोडतात. ल्योंहून टीजीव्हीने दोन तास.

प्रश्न : रविवारी मूल तापलं तर कुठं जायचं?

जिवावरचं असेल तर 15 किंवा 112, विचार करत बसू नका. तितकं नसेल तर 3624 वर घरी येणाऱ्या डॉक्टरांची सेवा बहुतेक मोठ्या शहरांत आहे. औषधांचं दुकान बंद असलं तरी त्याच्या दारावर त्या दिवशी उघड्या असलेल्या दुकानाचा पत्ता लावलेला असतो. पॅरासिटामॉलचं सिरप मात्र शनिवारीच घरात बघून ठेवा.

प्रश्न : आई-बाबा उन्हाळ्यात दोन महिने येणार आहेत. तयारी काय करू?

सुरुवात मार्चमध्येच करा. ते तुमच्या घरी उतरणार, म्हणून मेरीतून, म्हणजे नगरपालिकेतून, "आतेस्तासियों दाक्युय" हे पत्र लागेल. घराचे कागद, पगाराच्या पावत्या आणि 30 युरोचं स्टँप घेऊन स्वतः जावं लागतं. पत्राची मूळ प्रत व्हिसासाठी भारतात पाठवायची असते, तेव्हा कुरिअरचे दिवस धरून चाला. विमा किमान 30,000 युरोंचा. शेंगेन व्हिसा असल्याने त्यांना जिनिव्हाही दाखवता येईल, गाडीने दोन तास. तिघांचेही पासपोर्ट आणि तुमचं निवासकार्ड जवळ ठेवा.

शक्य असेल तर मे-जूनला बोलवा. ऑगस्टात गल्लीतली बेकरीसुद्धा दोन-तीन आठवडे बंद होते, आणि तुम्ही कामावर गेल्यावर ते दोघं सुनसान रस्त्याकडे बघत बसतील. पहिल्याच आठवड्यात त्यांना घरापासून बागेपर्यंतचा रस्ता पायी दोनदा दाखवा, बसायचे बाक दाखवा, बोंझूर शिकवा. बाबांना बाजाराची पिशवी देऊन एकट्याला पाठवा. आकडे बोटांवर दाखवले तरी चालतं, विक्रेते वयस्क माणसाशी फार प्रेमाने वागतात.

आणि आईला आधीच सांगून ठेवा की जूनमध्ये इथं सूर्य रात्री साडेनऊला मावळतो. माझ्या आईची पहिल्या वर्षी फार घालमेल झाली. सातला हात-पाय धुऊन ती देवापाशी यायची, आणि बाहेर टळटळीत ऊन. तिसऱ्या दिवशी तिने घड्याळाचा नाद सोडला. नऊ वाजले की गॅलरीत खुर्ची टाकून फुरव्हिएरमागे सूर्य जाताना बघायची आणि मग उठून दिवा लावायची.