काना गावचं लग्न, सहा रांजण आणि सकाळची क्वार्टर

गेल्या जूनमध्ये पिंपळनेर आणि नवापूरच्या मधल्या एका खेड्यातून एक बहीण माझ्याकडे आली होती. नाव लिहीत नाही, एकदोन बारीक गोष्टी बदलल्यात, आणि हे लिहायला दोघा नवरा-बायकोने हो म्हटलंय. एसटीने घाट उतरून आली होती, पदर ओला, पिशवीत दवाखान्याचे कागद. बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच की ताई, दारू पिणारा देवाच्या राज्यात जात नाही असं पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) लिहिलंय ना, मग पोरांच्या पप्पांचं काय होईल?

आमच्या नंदुरबार-धुळ्याच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून, म्हणजे चर्चमधून, हा प्रश्न मला सतत येतो, कोणी नरकाच्या भीतीने विचारतं, कोणी एकदा लग्नात बिअर घेतली म्हणून रात्रभर झोपत नाही, आणि कोणी उलट पुरावा काढायला येतं की पिणं चालतं. त्या बहिणीच्या घरी भीती आणि पुरावा दोन्ही एकाच छपराखाली होतं.

नवरा ४१ वर्षांचा, पिकअप चालवतो, कांदा भरून मार्केटला नेतो. बाप्तिस्मा होऊन बारा वर्षं झाली. आमच्याकडे आदिवासी भागात बाप्तिस्मा म्हणजे लोकांच्या लेखी एकच खूण असते, अमका येशूत आला म्हणजे त्याने दारू सोडली. याला कारण आहे आणि ते मी हलकं समजत नाही. मोहाची दारू आमच्याकडे जन्मापासून मरणापर्यंत सगळ्यात असते, लग्नात, देवाला, पितरांना, पंचांच्या बैठकीत, आणि त्या पायी किती घरं गहाण पडली ते मी लहानपणापासून बघितलंय. ज्यांनी सोडली त्यांच्या घरावर पत्रा आला, पोरी शाळेत गेल्या. म्हणून विश्वासी लोक या बाबतीत कडक आहेत. पण त्या कडकपणातच एक अडचण झाली, की बाप्तिस्म्यानंतर जो पुन्हा प्यायला लागतो तो कोणाला सांगू शकत नाही. हा माणूस गाडीच्या कर्जाच्या टेन्शनमध्ये पुन्हा सुरू झाला आणि चार वर्षं गोठ्यामागे लपून पीत राहिला. बायकोला माहीत, मंडळीला माहीत, आणि कोणी बोलत नाही.

मग मे महिन्यात बोभाटा झाला. प्रभुभोजनातून, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीतून, त्याला बाजूला ठेवलं आणि पाळकांनी (पास्टरांनी) तीन दिवसांची उपास-प्रार्थना लावली, की शुक्रवारपासून एक थेंब नाही. त्याने खरंच मनापासून सोडली. शनिवारी हात थरथरायला लागले, घाम सुटला, रविवारी पहाटे भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणून ओरडायला लागला, अंगावरून झटकायला लागला, आणि मग फिट आली. लोकांना वाटलं दुष्ट आत्मा निघतोय. चार जणांनी धरून ठेवलं आणि मोठ्याने प्रार्थना सुरू. शेजारच्या आशाताईने आरडाओरड केली म्हणून गाडीत घालून दवाखान्यात नेलं, पाच दिवस ऍडमिट.

इथे मी थोडं थांबून सांगते, कारण हे माहीत नसल्यामुळे माणसं मरतात. जो रोज भरपूर पितो त्याचं शरीर दारूला धरून चालायला शिकलेलं असतं. एकदम बंद केली की मेंदू भडकतो. फिट बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते, आणि भास, बरळणं, ताप, दिशा न कळणं हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, आणि ते जिवावर बेततं. त्याला डॉक्टरकडे औषध आहे, व्हिटॅमिन बी१ द्यावं लागतं, काही दिवस लक्ष ठेवावं लागतं. प्रार्थना करा, उपास बाकीच्यांनी करा, पण त्या माणसाला उपाशी ठेवू नका आणि आधी डॉक्टरला दाखवा. त्या पाळकांना मी दोष देत नाही, ते पाचही दिवस दवाखान्यात डबा घेऊन येत होते. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

डिस्चार्ज झाला आणि तीन आठवड्यांत पुन्हा सुरू. त्यानंतर ती माझ्याकडे आली.

पिशवीतून तिने कागदांच्या खालून एक पुडी पण काढली. एसटी स्टँडच्या भिंतीवर जाहिराती असतात ना, न सांगता दारू सोडवा, तसल्या ठिकाणाहून मागवलेली पावडर. चहात घालू का ताई, आणि न सांगता घातली तर ते पाप आहे का? मी पुडी ठेवून घेतली. त्यात काय होतं मला कळायला मार्ग नव्हता, पण डॉक्टर दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम नावाची गोळी देतात, ती पोटात असताना माणूस प्यायला तर तोंड लाल होतं, उलट्या, छाती धडधडते, बीपी पडतं, आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून ती माणसाला सांगून, त्याच्या मर्जीने, डॉक्टरच्या देखरेखीखाली देतात. तसलंच काही त्या पुडीत असलं तर तू त्याला चहातून काय देशील बघ, असं मी तिला म्हटलं. आणि नवऱ्याने चार वर्षं लपवलं, आता तू लपवायला लागलीस तर घरात खरं बोलणारं उरतं कोण. ती रडली. बरंच रडली.

तिच्या मूळ प्रश्नाला मी करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्यायच काढला, कारण पाळकांनी तिला दहावी ओवी दाखवली होती, ज्यात मद्यपी देवाच्या राज्याचे वारसदार होणार नाहीत असं आहे. मी म्हटलं अकरावी वाच. तिथे पौल, म्हणजे हे पत्र लिहिणारा प्रेषित, त्याच लोकांना म्हणतो, "तुमच्यापैकी कित्येक तसे होते". होते. म्हणजे त्या मंडळीत पूर्वीचे पिणारे बसलेले होते, धुतलेले, पवित्र केलेले. तिने ती ओवी तीनदा वाचली. बारा वर्षं मंडळीत आहे आणि कोणी मला पुढची ओळ दाखवली नाही, म्हणाली.

दहा दिवसांनी नवरा आला, स्वतः. चेनच्या कव्हरमधलं पवित्र शास्त्र घेऊन, आणि तयारी करून. सुरतेला कामाला असताना त्याच्या खोलीत एक कॅथलिक मुलगा होता, नाताळला त्याच्या घरी वाइन बनते, फादर मिस्सात, म्हणजे त्यांच्या उपासनेत, खरी वाइन वापरतात, मग आम्हालाच का मनाई, इथून सुरुवात. मग योहानाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढला. ताई, येशूने काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला की नाही? आणि पौलाने आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा घे म्हटलं की नाही?

मी त्याला सरळ हो म्हटलं. त्याला वाटलं होतं मी म्हणेन तो नुसता ज्यूस होता. आपल्या मराठी शास्त्रात द्राक्षारस हा शब्द आल्यामुळे पुष्कळ जण असं शिकवतात, द्राक्षांचा रस, बास. पण तोच शब्द इफिसकरांस पाचव्या अध्यायात आहे, "द्राक्षारसाने मस्त होऊ नका". ज्यूस पिऊन कोणी मस्त होत नाही. मूळ ग्रीकमध्येही दोन्हीकडे एकच शब्द आहे, ओइनोस. न आंबलेला रस टिकवून प्रभुभोजनाला वापरायची सोय तर १८६९ मध्ये अमेरिकेत वेल्च नावाच्या एका मेथडिस्ट डेंटिस्टने काढली. तेव्हा काना गावात सहा रांजण होते, एकेकात आजच्या मापाने ७५ ते ११५ लिटर, आणि तो द्राक्षारस होता. स्तोत्र १०४ मध्ये तर तो माणसाच्या मनाला आनंद देतो असंही आहे. मला असं वाटतं की आपण शास्त्राला आपल्या सोयीचं करून सांगितलं की ऐकणारा एक दिवस स्वतः वाचतो आणि मग बाकीच्यावरचाही त्याचा विश्वास उडतो. नेमका हाच माणूस तसा झाला होता.

तो जरा सैल झाला. मग मी विचारलं, भाऊ, कानाचं लग्न आठ दिवसांतून किती वेळा असतं तुमच्याकडे? तीमथ्याला थोडा म्हटलंय, तुमचा थोडा किती? आम्ही चार प्रश्न विचारतो प्रत्येकाला, कमी करावी असं कधी वाटलं का, लोक बोलले की राग येतो का, मनाला खातं का, आणि सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला लागते का. तो चौथ्याला गप्प झाला. फॉर्मवर सही करताना त्याचा हात हलत होता, दुपारचे बारा वाजले होते, आणि त्याने सकाळपासून घेतली नव्हती कारण माझ्याकडे वास नको म्हणून.

मग मी नीतिसूत्रे २३ उघडून त्यालाच वाचायला दिलं, २९ पासून शेवटपर्यंत. हायहाय कोणाला, भांडणं कोणाला, डोळ्यांची लाली कोणाला. शेवटी साप चावतो तसं. डोळ्यांना भलतंच दिसेल. समुद्रात डोलकाठीच्या टोकावर झोपल्यासारखं. मला मारलं पण लागलं नाही, मी कधी जागा होईन, पुन्हा तेच शोधीन. त्या भलतंच दिसेल वर तो अडकला. भिंतीवरच्या मुंग्या, म्हणाला. आणि शेवटच्या ओळीवर पुस्तक खाली ठेवलं, हे तर मन्हंच लिहेल शे ताई.

माझं म्हणणं त्याला मी तेव्हा जे सांगितलं तेच आहे. एक घोट घेणारा प्रत्येक माणूस पापी असं शास्त्र म्हणत नाही, आणि ज्या मंडळ्या वाइन वापरतात त्यांना मी खोटं ठरवणार नाही. नशेला मात्र शास्त्र पहिल्यापासून शेवटपर्यंत नाही म्हणतं, नोहापासून करिंथकरांच्या प्रभुभोजनापर्यंत, जिथे एक जण उपाशी आणि दुसरा मस्त झालेला होता. पण भाऊ, पाप की पाप नाही हा वाद ज्याला थोडी परवडते त्याच्यासाठी आहे. तुमच्या शरीरातला थोडी वर थांबायचा ब्रेक गेलाय, पिकअपचा गेला असता तर तुम्ही घाटात घातली असती का? तो म्हणाला नाही. रोमकरांस १४ मध्ये पौल भावाला ठेच लागू नये म्हणून द्राक्षारस न पिणं चांगलं म्हणतो, तर इथे ठेच लागणारा भाऊ तुम्ही स्वतःच आहात.

जुलैमध्ये डॉक्टरकडे ऍडमिट होऊन नीट सोडवली, या वेळी बी१ आणि झोपेच्या औषधांसकट. पाळकही एकदा माझ्याकडे आले, वहीत लिहून घेतलं सगळं. आता मंडळीत उपास लावायच्या आधी पिणाऱ्याला सरकारी दवाखान्यात पाठवतात. मी त्यांना एवढंच सुचवलं की हबक्कूक २ मध्ये शेजाऱ्याला पाजणाऱ्याचाही धिक्कार केलाय, तेव्हा लग्नात गुपचूप पाजणाऱ्या विश्वाशांनाही एखादं प्रवचन होऊ द्या, एकट्या याच्यावरच का.

डिसेंबरमध्ये चुलतभावाच्या लग्नात तो घसरला. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी स्वतः फोन केला, ताई, परत झालं. मला त्या फोनचं मोल मोठं वाटतं, चार वर्षं जो लपून प्यायला तो तिसऱ्या दिवशी सांगत होता. डॉक्टरकडे परत पाठवलं, बायकोला म्हटलं ओरडू नकोस पण गाडीच्या चाव्या तुझ्याकडे ठेव आणि कांद्याचे पैसे तुझ्या खात्यात घे. त्यावर तिने विचारलं, नवऱ्याच्या अधीन राहा असं लिहिलंय मग चाव्या कशा घेऊ. मी म्हटलं त्याच्या दारूच्या अधीन राहा असं कुठे लिहिलंय.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी त्याला पुन्हा प्रभुभोजन दिलं. त्यांच्याकडे मनुका भिजवून उकळून करतात, म्हणून ती अडचण नव्हती. खरी वाइन असते तिथे सोडलेल्या माणसाने नुसती भाकर घ्यावी, कॅथलिक शिकवणीतही एका रूपात पूर्ण ख्रिस्त मिळतो असंच आहे, त्यात कमीपणा नाही. संध्याकाळी तिचा फोन आला. बाकी काही बोलली नाही, फक्त एवढंच की ताई, मी त्याच्या हाताकडे बघत होते, कप हलला नाही.

आता मार्चमध्ये मोह गळायला लागेल. पहाटे फुलं वेचायला त्याला जावंच लागतं, तेवढे पैसे सोडता येत नाहीत. आम्ही ठरवलंय की फुलं घरात वाळवायची नाहीत, मोठा मुलगा बरोबर जाईल आणि वेचून झाली की ओलीच, मिळेल त्या भावाने, थेट व्यापाऱ्याकडे. भाव थोडा कमी मिळेल. बायको म्हणाली मिळू दे.