डेट्रॉइटला घर घ्यायचंय? आधी ती भिंत बघ

अनिकेत, तुझे प्रश्न दोन: एच-१बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर आल्यावर घराच्या किमतीच्या साडेतीन टक्के आधी भरून एफएचए या सरकारी गृहसंस्थेच्या हमीचं कर्ज मिळेल का, आणि घर घेताना रंगावरून अडवतात का?

पहिल्याचं उत्तर, नाही. मे २०२५पासून ही सरकारी हमी तुझ्यासारख्या व्हिसावाल्यांना बंद झाली. या हमीशिवायचं साधं कर्ज बँका देतात, पण प्रत्येकीचे नियम निराळे.

दुसरं जरा लांबचं आहे. एफएचए स्वतः पैसे देत नाही, बँकेच्या कर्जाची हमी घेते. १९३४ साली ती सुरू झाली आणि लवकरच कृष्णवर्णीय वस्तीजवळच्या घरांना हमी नाकारायला लागली. इथे डेट्रॉइटमध्ये एट माइल रोडच्या दक्षिणेला एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती, म्हणून हमी अडली. पठ्ठ्याने १९४१मध्ये मधोमध सहा फूट उंच, अर्धा मैल लांब भिंत घातली. हमी मिळाली! भिंत अजून उभी आहे. बागेच्या बाजूला मुलांची चित्रं रंगवलीत, पुढे ती लोकांच्या परसातून जाते. आपल्या सोसायटीच्या कंपाउंडसारखीच दिसते, म्हणून मी आधी ओळखलीच नाही.

असा भेदभाव १९६८च्या कायद्याने बेकायदा ठरला. पण ज्यांच्या आजोबांना घर घेता आलं नाही, त्यांच्या नातवांकडे डाउन पेमेंटला पैसा कुठून येणार? आजही गोऱ्यांची साधारण ७३-७४ टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात, कृष्णवर्णीयांची जेमतेम ४५ टक्के.

माझंच सांगतो. आमचं घर जुनं. कागदपत्रांत एक कलम निघालं: या घरात गोऱ्यांखेरीज कोणी राहू नये, घरगडी असेल तर चालेल. कागद करणारी बाई शांतपणे म्हणाली, "१९४८मध्येच सुप्रीम कोर्टाने हे निकालात काढलंय, सही करा." केली. पण त्या रात्री देवघर मांडताना मनात आलं, त्या काळी मी इथे फार तर भांडी घासायला राहिलो असतो.

तुझ्यासाठी एवढंच: तीन बँकांकडून एकाच दिवशी कर्जाचा लेखी अंदाज माग, म्हणजे दर ताडून बघता येतील. कोणी नकार दिला तर तोंडी ऐकून गप्प बसू नकोस. कारण लेखी मागायचा कायद्याने तुला हक्क आहे, व्हिसावर असलास तरी.