वाड्याचा दरवाजा गाडीच्या खोलीला?

प्रश्न : शिवाजी पेठेतलं आमचं जुनं घर उतरवून तिथंच नवीन बांधतोय. पुढं गाडीची खोली आहे. तिच्या दाराची मोकळी जागा दहा फूट रुंद, साडेसात फूट उंच. दारापासून गल्लीपर्यंत आमची तीन फूट जागा. आजोबांच्या काळातला सागवानी दरवाजा जपून ठेवलाय, दोन्ही झडपा मिळून साडेपाच फूट. तो रुंद करून इथं बसवावा असं मला वाटतं. मुलगा म्हणतो, बटणावर वर जाणारं, लाकडासारखं दिसणारं तयार दार घ्या. मिस्त्री म्हणतात, शटर टाका आणि मोकळे व्हा. काय करावं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जुना दरवाजा कापू नका आणि त्याला जोडही देऊ नका. बाकीचं नंतर, पण हे आजच सुताराला सांगून ठेवा.

साधी छोटी गाडीही आरसे सोडून साडेपाच फुटांच्या आसपास रुंद असते. म्हणजे आहे तसा दरवाजा चालणार नाही. तो दहा फुटांचा करायचा तर जवळपास निम्मा नवा होणार, आणि मुरलेलं लाकूड व नवं लाकूड पावसाळ्यात सारखं फुगत नाही. तो घराच्या मुख्य दाराला लावा, चौकट आणि कडी-कोयंड्यासकट. माणसांसाठी केलेला दरवाजा आहे, माणसंच त्यातून जाऊ देत.

गाडीच्या खोलीला नवं दारच हवं. ते दिसणार कसं हे नंतर बघू, आधी उघडणार कसं ते ठरवा. पाच-पाच फुटांच्या दोन झडपा बाहेर उघडल्या तर दोन फूट गल्लीत जातील, ते करूच नये. आत उघडल्या तर गाडीची जागा खातील. शिवाय दीड इंच जाडीच्या सागवानी फळ्यांची एवढी एक झडप साधारण ८५ किलोची होते. बिजागऱ्या एका कडेला आणि भार पाच फुटांपर्यंत. काही वर्षांत झडप खाली लोंबणारच.

म्हणून माझं मत चार झडपांच्या घडीच्या दाराला. प्रत्येक झडप अडीच फुटांची, दोन डावीकडं दुमडतात, दोन उजवीकडं, मधल्या झडपांना वर रेल आणि रोलर. उघडल्यावर घडी अडीच फूटच बाहेर येते, म्हणजे तुमच्या तीन फुटांत बसते. पेठांतल्या जुन्या दुकानांना अशी घडीची लाकडी दारं असायची, तुम्ही पाहिली असतील. आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. वाड्याचा दरवाजा उभा असतो, गाडीचं दार आडवं. आडव्या दारावर कितीही पितळी फुल्या ठोकल्या तरी ते वाड्याचं वाटत नाही. अडीच बाय साडेसातची झडप मात्र रुंदीच्या तिप्पट उंच होते, आणि तो उभेपणा आपसूक परत येतो.

मुलाचं म्हणणंही उडवून लावू नका. वर जाणारं दार स्प्रिंगवर तोललेलं असतं, त्यामुळं हलकं चालतं. वीज गेली तर मोटर सोडवून हातानं उघडता येतं. घरात कुणाला जड दार ओढणं जमत नसेल तर तेच घ्या. दारावर स्लॅबखाली रेल आणि स्प्रिंगसाठी फूटभर तरी जागा लागते, ती आत्ताच मोजा. त्या स्प्रिंगला प्रचंड ताण असतो, घरच्या कुणी हात लावायचा नाही. फक्त कॅटलॉगात ‘ट्रॅडिशनल’ म्हणून दाखवतात त्या फुलीच्या पट्ट्या आणि खोट्या बिजागऱ्या नकोत. त्या परदेशातल्या घोडागाडीच्या खोल्यांवरून आल्यात, आपल्या दगडी भिंतीशी त्यांचं काही नातं नाही. साध्या उभ्या रेघांचं घ्या.

शटरबद्दल एवढंच, की ते दुकानाला शोभतं.

घडीचं दार ठरलं तर सांगाडा लोखंडी बॉक्स पाईपचा करा, त्यावर पाऊण इंची सागवानी फळ्या उभ्या. बिजागऱ्या बाजारातल्या पातळ पत्र्याच्या नकोत. शिवाजी उद्यमनगरात लेथवर जाड पिनेच्या करून मिळतात, आपल्या गावाचं ते वैभव आहे. फळ्या ठोकताना लोखंडी स्क्रू वापरू देऊ नका. ओलाव्यात सागवान आणि लोखंड एकत्र आले की लाकडावर काळे डाग उतरतात. स्टेनलेस किंवा पितळी घ्या. सांगाड्यातली भोकं लांबट ठेवा, म्हणजे फळीला हलायला वाव राहतो.

आपल्याकडचा पाऊस दार खालून खातो. फळीच्या खालच्या कापलेल्या टोकातून पाणी सर्वांत जास्त शिरतं, आणि सुतार नेमकं तेच टोक कोरडं सोडतात. दार बसवण्याआधी त्याला तेलाचे तीन हात द्या. फरशीपासून अर्धा इंच अंतर आणि उतार बाहेरच्या बाजूला हवा. वर चकचकीत पॉलिश नको, उन्हात त्याचे पोपडे निघतात. दर मे महिन्यात जवसाचं तेल पुरेसं आहे.

(शाहूपुरी कुंभार गल्ली, दुधाळी अशा भागांत २०१९ आणि २०२१ ला पाणी शिरलं. तिथल्या वाचकांनी प्लाय किंवा एमडीएफचं, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचं, दार घेऊच नये. भरीव फळी भिजली तरी वाळते.)

काम हिवाळ्यात करून घ्या. तेव्हा लाकूड कोरडं असतं, म्हणून दोन फळ्यांत तीन मिलिमीटरची फट सोडायला सांगा. सुतार ‘फट वाईट दिसते’ म्हणतील. ऐकू नका, जुलैत ती भरून येते, आणि सोडली नसेल तर दार चौकटीतच अडकतं.