‘वैयक्तिक कारणास्तव’ हे आधी खोड

तुझा राजीनाम्याचा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. शुद्धलेखन ठीक आहे, भाषा नम्र आहे आणि त्यातलं एक वाक्य धडधडीत खोटं आहे. ‘वैयक्तिक कारणास्तव मला विश्वस्तपदाच्या जबाबदारीतून मुक्त करावे.’ कोणतं वैयक्तिक कारण रे? तब्येत ठणठणीत आहे, नोकरी याच गावात आहे. कारण संस्थेचं आहे, ठरावाचं आहे, प्रभाग 7 चं आहे. ते वैयक्तिक म्हणून लिहिलंस की ज्यांनी तो प्रभाग संस्थेच्या नागरी सुविधा अहवालातून काढला त्यांची सुटका आणि तुझीही.

हा शब्द मी ओळखते, कारण मीही एकदा असाच लिहिला होता. माझा ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ होता. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी तुझं. सहा रविवार तुम्ही पोरांनी घरोघर फिरून नळाला किती दिवसांनी पाणी येतं, किती वेळ येतं, घंटागाडी येते का, दिवे लागतात का, हे लिहून आणलंत. सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात नागरिकांना दप्तर बघू द्यावं, असं शासनाचं 2018 चं परिपत्रक आहे. ते तू मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवलंस आणि पाण्याच्या फायली बघून आलास. इतकी वर्षं पालिकेवर प्रशासक होते, विचारायला नगरसेवकच नव्हते. अशा वेळी गावाचे हे आकडे कुणी तरी मांडणं किती गरजेचं होतं! अकरा प्रभागांचा अहवाल झाला आणि बैठकीत दहाच प्रभाग छापायचं ठरलं. सातव्यात एका विश्वस्तांच्या सुनेला तिकीट मिळतंय आणि सातव्यात पाचव्या दिवशी पाणी येतं.

तुमच्या संस्थेतले डॉक्टर बैठकीत काय म्हणाले ते तू शब्दन् शब्द लिहिलंयस. ‘आपण धर्मादाय संस्था आहोत, निवडणुकीच्या तोंडावर राजकारण नको.’ ही भीती खोटी नाही, हे आधी समजून घे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या, 80 जी (देणगीदारांना करसवलत मिळवून देणारी मान्यता) घेतलेल्या संस्थेनं कुणाच्या प्रचारात उतरूच नये. मी विश्वस्त असताना एका उमेदवाराला आमचं सभागृह द्यायला मीच नकार दिला होता. पण दहा प्रभाग छापायचे आणि अकरावा गाळायचा, यालाच बाजू घेणं म्हणतात. छापायचे तर अकराही छापा. निवडणूक होईपर्यंत थांबायचं तर अकराही थांबवा.

हे तू बैठकीत बोललास. छान बोललास असं ऐकलं. तुझ्या बाजूनं कुणी बोललं नाही, तू खाली बसलास आणि घरी जाऊन राजीनामा लिहायला घेतलास. मधली पायरी कुठे गेली? तुझा विरोध इतिवृत्तात, म्हणजे बैठकीच्या अधिकृत नोंदीत, लिहिला गेला का, हे विचारलंस?

विचारलं नाहीस, हे मला माहीत आहे. कोणीच विचारत नाही. म्हणून काय लिहिलं जाणार आहे ते मी सांगते. पुढच्या आठवड्यात सचिव टाइप केलेला कागद त्या लाल कापडी बांधणीच्या वहीत डिंकानं चिकटवतील. त्यावर असेल: ‘विषय क्रमांक 5. नागरी सुविधा अहवाल. सविस्तर चर्चेअंती अहवाल योग्य त्या फेरबदलांसह प्रसिद्ध करण्यास सर्वानुमते मान्यता देण्यात आली.’ सर्वानुमते. त्यात तू आलास. तुझं ते छान बोलणं ‘सविस्तर चर्चेअंती’ या दोन शब्दांत जिरलं.

माझ्या वेळचं वाक्य मला पाठ आहे. ‘प्रकरण 4 अधिक अभ्यासासाठी राखून ठेवण्यास सर्वानुमते मान्यता.’ आमच्या अहवालातलं हे प्रकरण 4 रस्त्यांचं होतं. एकाच रस्त्याचं काम ई-निविदा काढावी लागते त्या रकमेच्या खाली बसावं म्हणून तुकडे पाडून दिलं होतं, सगळे तुकडे एकाच ठेकेदाराला. आणि त्याच ठेकेदारानं आमच्या संस्थेच्या वाचनालयाचं छत घालून दिलं होतं. अध्यक्ष म्हणाले, सध्या थांबू. मी मान हलवली. पुढच्या बैठकीत वही फिरत माझ्यापुढे आली, एका हातात चहाचा कप होता, दुसऱ्या हातानं मी सही केली. पेनही माझंच होतं.

आता ऐक, मला यातली सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट कोणती. मी भित्री बाई नव्हते. नगरपालिकेत लेखा विभागात असताना एका देयकावर मी शेरा मारला होता: ‘मोजमाप पुस्तकात नोंद आढळत नाही, सबब देयक अदा करता येत नाही.’ वरून तोंडी हुकूम आला, फोन आले. मी शेरा खोडला नाही. महिन्याभरात माझी बदली जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर झाली. काही वर्षांनी लेखापरीक्षणात त्याच कामावर आक्षेप निघाला, सह्या करणाऱ्या दोघांवर वसुली लागली. माझ्याकडे कुणी बोट दाखवू शकलं नाही, कारण हिरव्या शाईतला तो दीड ओळीचा शेरा फायलीत तसाच होता.

मग तीच बाई ट्रस्टच्या बैठकीत गप्प का बसली? कारण तिथे सगळी चांगली माणसं होती. अध्यक्षांनी माझ्या आईला शेवटच्या आजारात घरी येऊन तपासलं होतं, एक पैसा न घेता. सचिवांनी माझ्या मुलाची शिकवणी घेतली होती. बैठक संपली की कोणी ना कोणी मला स्कूटरवरून घरापर्यंत सोडायचं. साहेबाच्या विरोधात शेरा मारताना हात थरथरला नाही, या माणसांच्या विरोधात एक ओळ लिहायला मात्र हात उचलला नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. तुझ्या संस्थेत तरी दुसरं काय चाललंय? डॉक्टर वाईट आहेत असं तू लिहिलंयस. ते वाईट नाहीत. गावातली निम्मी कामं त्यांच्या शब्दावर होतात, तुला विश्वस्त करून घ्यायला त्यांनीच आग्रह धरला. म्हणूनच तुझी ती ओळ वहीत जायला हवी. वाईट माणसांच्या संस्थेवर सगळ्यांचं लक्ष असतं. चांगल्या माणसांच्या संस्थेत तेवढी एक वहीच लक्ष ठेवणारी असते.

मी गप्प बसले याची कारणं माझ्याजवळ होती, अजूनही आहेत. दोन कर्मचाऱ्यांचे पगार होते. मुलांची अभ्यासिका त्याच छताखाली चालायची. प्रकरण 4 छापलं असतं तर कदाचित संस्था बंद पडली असती, आणि अभ्यासिकेत बसून परीक्षा पास झालेल्या पोरी आज कुठे असत्या, असं मी स्वतःला कितीदा तरी सांगितलंय. ते कदाचित खरंही आहे. प्रकरण न छापण्याच्या निर्णयाला मी आजही सरसकट चूक म्हणणार नाही. पण वहीत एक ओळ लिहून संस्था बंद पडली नसती, बाळा. छत पडलं नसतं, पगार थांबले नसते. तिथे माझ्याकडे एकही कारण नाही. पुढे एक नवीन विश्वस्त आले, त्यांनी जुनी वही उघडून तोच रस्ता पुन्हा विचारला. त्यांना उत्तर मिळालं, ‘तेव्हा सगळ्यांचं एकमत होतं, खाली सह्या आहेत बघा.’ विषय तिथेच मिटला. त्यांना मागे वळून पाहिल्यावर एकसुद्धा माणूस उभा दिसला नाही, कारण मी सही करून सहा महिन्यांनी प्रकृतीच्या कारणास्तव घरी बसले होते.

म्हणून सांगते, इतिवृत्तात लिही. बाकी सगळं नंतर.

तू इतिहासाचा विद्यार्थी, तुला मी काय सांगणार. तरी सांगते. पुण्याच्या नगरपालिकेत व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा ठराव आला तेव्हा 32 सभासदांत एकट्या जोतीराव फुल्यांनी विरोधात मत दिलं. ते हरले. त्यांनी वैयक्तिक कारणास्तव सभासदत्व सोडलं नाही. त्यांचं मत राहिलं, म्हणून आज आपण ते बोलतोय. आणि पुण्याची सार्वजनिक सभा आठव. 1870 साली पर्वती देवस्थानच्या कारभाराच्या तक्रारींतून ती उभी राहिली. सभासद व्हायचं तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. सार्वजनिक काकांच्या, म्हणजे गणेश वासुदेव जोशींच्या, त्या सभेत बसलेला माणूस घरच्यासारखं बोलू शकत नव्हता, त्याच्यामागे पन्नास सह्या होत्या. तुझ्यामागे तसं मुखत्यारपत्र नाही, पण प्रभाग 7 मधल्या ज्या बायकांनी हंड्यापाशी उभं राहून तुला पाण्याची वेळ सांगितली, त्यांनी ती कुणाला सांगितली होती? तुझ्या एकट्याला?

राजीनाम्याचं एक कोरडं वास्तवही ऐकून ठेव, तुमच्यापैकी कुणाला हे माहीत नसतं. तू राजीनामा दिलास, त्यांनी स्वीकारला, तरी शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडच्या संस्थेच्या नोंदीवर, तुझं नाव तसंच राहतं. विश्वस्तांत झालेला बदल 90 दिवसांत कळवायचा असतो, तो बदल अर्ज मंजूर होऊन नोंद होईपर्यंत सरकारदरबारी तू विश्वस्तच. हे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिलेले मी पाहिलेत. म्हणजे तू घरी, तुझं नाव कागदावर आणि वहीत ‘सर्वानुमते’. याहून वाईट जागा कुठली असेल?

आता काय करायचं ते. पुढच्या बैठकीची नोटीस आली की पहिली ओळ बघ. विषय क्रमांक 1: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. नेमक्या याच विषयाला चहा येतो, सगळे गुडघ्यावर बिस्किटाची बशी सांभाळत असतात, सचिव ‘कायम करायचं ना?’ म्हणतात आणि माना डोलतात. तेवढी चार मिनिटं तू चहाला हात लावू नकोस. आयत्या वेळच्या विषयांकडेही लक्ष ठेव, पण खरी जागा विषय क्रमांक 1.

बैठकीच्या आधी सचिवांना लेखी दे. लांबलचक नको. तू मला पाठवलेलं चार पानी पत्र त्यांना मुळीच देऊ नकोस. त्यात ‘भ्रष्ट’ हा शब्द तीनदा आहे, आणि तो सिद्ध करायला तुझ्याकडे काहीही नाही. एवढंच लिही: ‘विषय क्रमांक 5 च्या वेळी मी प्रभाग 7 वगळण्यास विरोध केला. कारण: सर्व प्रभागांना एकच नियम लावावा. या विरोधाची नोंद इतिवृत्तात घ्यावी आणि सर्वानुमते ऐवजी बहुमताने असा बदल करावा.’ खाली सही, तारीख. दोन प्रती काढ, एकीवर पोच घे. सचिव पोच देताना कां-कूं करतील. रागावू नकोस, वाद घालू नकोस, थांबून राहा. नाहीच दिली तर संस्थेच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठव आणि पोचपावती जपून ठेव. बैठकीत विषय क्रमांक 1 ला उभा राहा आणि तेच वाच, एक शब्द जास्त नाही. कुणी म्हणेल, ‘अरे, घरातली गोष्ट आहे, वहीत कशाला?’ हे वाक्य येणारच. त्याला उत्तर देऊ नकोस, पुन्हा तेच वाच.

तुम्ही पालिकेला माहिती अधिकाराच्या कलम 4 खाली 17 बाबी स्वतःहून जाहीर करा म्हणून पत्रं पाठवता. चांगलं आहे, पाठवत राहा. पण नागरिकांना विचारायला शिकवणाऱ्या संस्थेच्या वहीत दर बैठकीला सर्वानुमतेच येत असेल तर त्या पत्राला काय वजन? इतिवृत्तात लिही. हे मी तिसऱ्यांदा सांगतेय आणि तू भेटलास की चौथ्यांदा सांगेन.

तुला वाईट वाटेल. डॉक्टर महिनाभर तुझ्याशी बोलणार नाहीत. त्यांना बरं वाटावं म्हणून नंतर फोन करून माफी मागायला जाऊ नकोस, मात्र त्यांच्याकडच्या कार्याला जा, पाया पड, जेवून ये. विरोध वहीत आहे, तो घरापर्यंत न्यायचं कारण नाही. मी हे जमवू शकले असते, आत्ता वाटतं. तेव्हा वाटलं नाही.

हरशील बहुतेक. दहाच प्रभाग छापले जातील. त्यानंतरही तुला जायचंच असेल तर मी अडवणार नाही, पण मग राजीनाम्यात खरं कारण लिही आणि त्या इतिवृत्ताचा दिनांक लिही.

सध्या हा मसुदा माझ्याकडेच ठेवतेय. ‘वैयक्तिक’ खाली मी पेन्सिलीनं रेघ मारली आहे. बैठक झाली की कायम झालेल्या इतिवृत्ताची प्रत घेऊन रविवारी सकाळी ये. दहाच्या आत ये, नंतर आमच्याकडचंही पाणी जातं.